शिक्षा संपल्यानंतर

उज्जैन नगरीच्या उत्तरेस क्षिप्रेच्या काठी भैरवगढ आहे. सिद्धवटापाशी पितरांचे श्राद्धकर्म करण्यासाठी आणि काळभैरवाच्या दर्शनासाठी वर्षभर असंख्य यात्रेकरू तिकडे जातात. तेथील छिप्यांची ठशांची छपाई आणि बाटिकाचे कापड यांचीही ख्याती दूरवर आहे. याच भैरवगढात उज्जैनचा मध्यवर्ती तुरुंग आहे. बाहेरगावचे पाहुणे आले म्हणजे आपण त्यांना सिद्धवट दाखवितो, मंदिर दाखवितो, छपाईची लुगडी व चादरी दाखवितो. तुरुंगाच्या भिंतीजवळून मात्र न बोलता पुढे जातो. त्या भिंतीआडून शिक्षा भोगून माणसे बाहेर येतात. ती कोठे जातात, त्यांना काम कोण देतो, पहिल्या रात्री त्यांना कोणाच्या ओसरीवर जागा मिळते, हे प्रश्न आपल्या मनास सहसा शिवत नाहीत. विद्यार्थिमित्रहो, त्याच प्रश्नांचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘तुरुंग’ हा शब्द आपल्याला अगदी घरचा वाटतो. पण तो मुळात पोर्तुगीज ‘त्रोंकु’ या शब्दावरून आला, असे कोशकार सांगतात. त्रोंकु म्हणजे झाडाचा बुंधा किंवा ओंडका. अपराध्याचे पाय लाकडी खोड्यात अडकवून ठेवीत, त्यावरून त्या जागेलाच ते नाव पडले. आमची मातृभाषा कोकणी. तिच्यात तुरुंगाला ‘बंदखण’ असेही म्हणतात. एका शब्दात खोडा आहे, दुसऱ्यात बंदिस्त जागा आहे. दोन्ही शब्द माणसाला अडकवून ठेवण्याविषयी बोलतात. तो सुटल्यावर त्याचे काय करावयाचे, याविषयी दोन्ही मुके आहेत. आपल्या विचाराचेही असेच झाले आहे.

तुरुंगात असलेला प्रत्येक जण अपराधी असतो, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. २०२२ सालाच्या अखेरीस भारतातील सर्व तुरुंगांत मिळून सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती आणि त्यांपैकी सुमारे ४ लाख ३४ हजार, म्हणजे दर चारांतील तीन, हे कच्चे कैदी होते. कच्चा कैदी म्हणजे ज्याच्या खटल्याचा निकाल अद्याप लागलेला नाही असा. यांतील पुष्कळ जण पुढे निर्दोष म्हणून सुटतात. पुष्कळांपाशी जामिनाची रक्कम नसते, म्हणूनच ते आत राहिलेले असतात. पण गावाच्या लेखी हा भेद उरत नाही. ‘तो आत जाऊन आला’ एवढे एकच वाक्य निर्दोष आणि दोषी या दोघांनाही सारखेच चिकटते.

आता ज्यांचा अपराध सिद्ध झाला त्यांच्याकडे वळू. न्यायाधीश शिक्षा देतो ती मोजून देतो. दोन वर्षे, सात वर्षे, काही अपराधांना जन्मठेप. अपराध केवढा, त्याला दंड केवढा, याचा हिशेब कायद्याने घातलेला असतो आणि मुदत भरली की कायद्यापुरता तो हिशेब पुरा होतो. परंतु त्यानंतर आपण सारे मिळून त्याच माणसाला दुसरी शिक्षा सुरू करतो. तिला मुदत नसते, तिच्यावर अपीलही नसते. ‘सुंभ जळला तरी पीळ जळत नाही’ ही म्हण आपण अशा वेळी मोठ्या आत्मविश्वासाने उच्चारतो. म्हणीत व्यवहाराचा अनुभव असतो हे मान्य. पण दोरीचा पीळ आणि माणसाचा स्वभाव यांत एक मोठा भेद आहे. दोरीला कोणी काम देऊ शकत नाही, कोणी तिच्यावर विश्वास टाकू शकत नाही. माणसाच्या बाबतीत हे दोन्ही करता येते, आणि ते करून पाहिल्याची उदाहरणे आपल्या जवळच आहेत.

ती पाहण्यापूर्वी सुटून आलेल्या माणसाची अडचण नीट समजून घेतली पाहिजे. दहा वर्षांपूर्वी आत गेलेला मनुष्य बाहेर येतो तेव्हा त्याचे गाव बदललेले असते. भाड्याची खोली केव्हाच दुसऱ्याला गेलेली असते. आईबाप थकलेले किंवा निवर्तलेले असतात. लेकरे त्याला ओळखत नाहीत. शिधापत्रिकेवरून नाव उडालेले असते, बँकेतले खाते बंद पडलेले असते, ओळखीचे कागद हरवलेले असतात. आणि कागद नाहीत म्हणून काम नाही, काम नाही म्हणून खोली नाही, खोली नाही म्हणून पुन्हा कागद मिळत नाहीत, असे ते चक्र फिरू लागते. तुरुंगात तो सुतारकाम किंवा विणकाम शिकलेला असतो. पण ‘हे कोठे शिकलास?’ या साध्या प्रश्नाचे खरे उत्तर दिले की मालकाचा चेहरा पालटतो. मग त्याच्याशी प्रेमाने बोलणारे कोण उरतात? बहुधा ज्यांच्या संगतीने तो पूर्वी आत गेला, तेच. ते त्याला जेवू घालतात, निजावयास जागा देतात आणि चार दिवसांनी त्याचा मोबदला मागतात. मोकळ्या झालेल्या माणसासाठी सज्जनांची दारे बंद आणि दुर्जनांचे दार उघडे, अशी स्थिती असली तर तो कोणत्या दारी जाईल, हे सांगावयास ज्योतिषी नको.

यावर उपाय काय, हे पाऊणशे वर्षांहूनही पूर्वी एका लहानशा मराठी संस्थानाने दाखवून दिले. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकार आणि सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते म्हणून प्रसिद्ध आहेत. आपल्या प्रजेला १९३९ साली त्यांनी स्वराज्याची घटना दिली आणि त्याच वर्षी आटपाडीजवळच्या माळावर कैद्यांसाठी एक वसाहत वसविली. तिचे नाव ठेवले ‘स्वतंत्रपूर’. कैद्यांच्या वसतीला असे नाव देण्याचे धैर्यच पाहा! या कामामागे मॉरिस फ्रीडमन नावाच्या गृहस्थांची प्रेरणा होती. ते मूळचे पोलंड देशातील वॉर्सा शहराचे, ज्यू कुळातले, व्यवसायाने अभियंते. बंगळूरच्या सरकारी विद्युत् कारखान्याचे काम पाहण्यासाठी ते भारतात आले, गांधीजींच्या विचाराने भारले गेले आणि ‘भारतानंद’ या नावाने येथलेच होऊन राहिले.

स्वतंत्रपुराची रीत साधी होती. उंच भिंत नाही, पायांत बेड्या नाहीत. कैद्याने आपल्या बायकामुलांसह तेथे राहावयाचे, जमीन कसावयाची, घाम गाळून पोट भरावयाचे. पळून जाण्यास रस्ता मोकळा. न पळण्याचा निश्चय त्याचा त्याने करावयाचा. यातील मर्म असे की, सुटकेच्या दिवशी एकाएकी स्वतंत्र होण्यापेक्षा मनुष्याने स्वातंत्र्याची सवय आधीच करून घ्यावी. पोहणे शिकवावयाचे तर मुलाला पाण्यात उतरवावेच लागते, काठावर बसवून ते शिकविता येत नाही; तसेच हे. घर मोडलेले नाही, हाताला शेतीची सवय आहे आणि शेजारीपाजारी त्याला तोंडओळखीने जाणतात, अशा स्थितीत जो मनुष्य सुटतो, त्याची निम्मी अडचण सुटकेपूर्वीच दूर झालेली असते. १९४८ साली औंध संस्थान विलीन झाले, पण स्वतंत्रपूर मोडले नाही. सांगली जिल्ह्यातील ही वसाहत आजही महाराष्ट्राच्या कारागृह खात्याकडून चालविली जाते.

या प्रयोगावर आधारलेली कथा त्याच मुलखाचे सुपुत्र ग. दि. माडगूळकर यांनी लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली तिच्यावर ‘दो आँखें बारह हाथ’ हा हिंदी बोलपट काढला. दुसऱ्याच वर्षी बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्याला रौप्य अस्वलाचे पारितोषिक मिळाले. खुनाचे अपराधी असलेले सहा कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक तुरुंगाधिकारी, अशी ही कथा. ज्यांनी ती पाहिली असेल त्यांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. माळरान नांगरताना ते कैदी हरत नाहीत. त्यांनी पिकविलेली भाजी बाजारात स्वस्त विकली जाऊ लागते, तेव्हा तेथील व्यापारी त्यांच्यावर उठतात; खरे संकट तेथे उभे राहते. कथाकाराने हे अचूक टिपले आहे. माणसाला सुधारण्याची परीक्षा तुरुंगात द्यावी लागते, पण त्याच्या सुधारण्याला मान्यता देण्याची परीक्षा बाजाराची, आळीची आणि शेजाऱ्यांची असते.

आपल्या मध्यप्रदेशातही या विषयाचा इतिहास मोठा आहे. चंबळेच्या खोऱ्यातील दरोडेखोरांचे नाव एके काळी काढताच लोकांचा थरकाप उडे. फाशीची शिक्षा झालेल्या तहसीलदारसिंह या कैद्याने विनोबांना भेटीची इच्छा कळविली. भूदानाच्या निमित्ताने पायी फिरणारे विनोबा मूळचे आमच्या कोकणातील गागोदे गावचे. १९६० सालच्या मे महिन्यात ते भिंड-मुरैनेच्या त्या भागात हिंडले आणि वीस बागी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवून शरण आले. या प्रयत्नावर त्या वेळी टीकाही झाली. दरोडेखोरांना डोक्यावर चढवून घेतले, असे काही पोलीस अधिकाऱ्यांना वाटले. शिवाय पुढचे खटले, कुटुंबांचा निर्वाह, जमिनी यांची बोलणी आधी झालेली नव्हती.

या अनुभवावरून पुढचा प्रयत्न अधिक विचाराने झाला. माधोसिंह या बागी सरदाराने खोट्या नावाने पाटण्यास जाऊन जयप्रकाश नारायण यांची गाठ घेतली. जयप्रकाशांनी प्रथम शासनाशी बोलणी केली. तेव्हाचे मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठी हे उज्जैनच्याच सार्वजनिक जीवनातून वर आलेले. १४ एप्रिल १९७२ रोजी जौरा येथील आश्रमात गांधीजींच्या तसबिरीपुढे बंदुका ठेवण्यास आरंभ झाला आणि त्या काळात शेकडो बागी शरण आले. त्यांना माफी मिळाली नाही. खटले झाले, शिक्षाही झाल्या. पण मुंगावली येथे त्यांच्यासाठी खुला तुरुंग उघडण्यात आला, मुलांच्या शिक्षणाचा आणि पुनर्वसनाचा विचार झाला. त्यांतील मोहरसिंह यांच्या नावावर अनेक खुनांचे आरोप होते. शिक्षा भोगून झाल्यावर ते भिंड जिल्ह्यातील मेहगावी राहिले, पुढे तेथील लोकांनी त्यांना नगराचे अध्यक्षपद दिले आणि २०२० साली ते आपल्या घरी वारले. ज्या मुलखाने भीती सोसली, त्यानेच त्यांना आपल्यात जागा दिली.

येथे कोणी म्हणेल की, विनोबा आणि जयप्रकाश यांच्यासारखे थोर पुरुष रोज कोठून आणावेत? शंका योग्य आहे. म्हणूनच कायद्याने सामान्य नागरिकासाठी जागा ठेवली. नागपूर ही राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्यप्रदेशाने १९५४ साली कैद्यांच्या परिवीक्षेवरील सुटकेचा कायदा केला. परिवीक्षा म्हणजे देखरेखीखालील मोकळीक. ज्याचे पूर्वचरित्र आणि तुरुंगातील वर्तन पाहून तो पुढे शांततेने राहील अशी खात्री वाटते, त्याला मुदतीपूर्वी परवान्यावर सोडावे, असे त्या कायद्याने ठरविले. अट एवढीच की, एखाद्या अधिकाऱ्याने, नागरिकाने किंवा मान्यताप्राप्त संस्थेने त्याची जबाबदारी पत्करावयास राजी असले पाहिजे. तुरुंगाचे कुलूप सरकारचे असले, तरी ‘हा माझ्या देखरेखीखाली राहील’ असे म्हणणारा मनुष्य समाजातूनच पुढे यावा लागतो. असा कोणी नसला तर उत्तम कायदाही कागदावर राहतो.

पहिल्याच किंवा लहान अपराधाकरिता तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याची सोय १९५८ सालच्या केंद्रीय कायद्याने केली. त्या कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे, अशा रीतीने सोडलेल्या माणसाला दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. म्हणजे कायदा स्वतः डाग पुसावयास तयार आहे. या साऱ्या पद्धतीचा उगमही एका साध्या कारागिरापाशी सापडतो. अमेरिकेतील बोस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचा जोडे शिवणारा गृहस्थ राहात असे. १८४१ साली न्यायालयात उभ्या असलेल्या एका मद्यपी माणसाला त्याने जामिनावर आपल्याकडे मागून घेतले आणि ठरलेल्या तारखेस दारू सुटलेल्या स्थितीत न्यायाधीशापुढे परत उभे केले. पुढे मरेपर्यंत त्याने शेकडो माणसांची अशीच जबाबदारी घेतली. आपल्याकडे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने १९९० साली ‘प्रयास’ हा उपक्रम सुरू केला. कच्च्या कैद्यांना कायद्याचे साहाय्य, सुटलेल्यांना शिक्षण, काम आणि निवारा मिळवून देणे, ही कामे त्यातून चालतात.

आता सर्वांत कठीण प्रश्न. ज्याचे घर लुटले गेले, ज्या आईचा मुलगा मारला गेला, त्यांचे काय? अपराध्याची कणव करताना त्यांना विसरणे हा मोठा अन्याय होईल. ज्याने दुःख सोसले त्याने क्षमा केलीच पाहिजे, असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु आधार आणि न्याय हे एकमेकांचे वैरी नव्हेत. कैद्यांना कामाचा योग्य मोबदला मिळावा आणि त्यातील काही भाग अपराधाने ज्यांची हानी झाली त्यांच्यासाठी राखावा, अशी दिशा सर्वोच्च न्यायालयाने १९९८ सालच्या एका निकालात दाखविली. काम करणारा मनुष्यच भरपाई करू शकतो. रिकामा आणि हाकलून दिलेला मनुष्य काय भरून देणार? शिवाय सुटलेला मनुष्य पुन्हा अपराधाकडे वळला तर आणखी एका निरपराध घरावर संकट येते. तेव्हा त्याला आधार देण्यात त्याच्याइतकेच आपल्या शेजाऱ्यांचेही रक्षण आहे. आधार म्हणजे आंधळा विश्वासही नव्हे. प्रथम लहान काम द्यावे, हिशेब स्पष्ट ठेवावा, व्यसन असेल तर उपचाराची व्यवस्था करावी, आणि वागणूक पाहून विश्वास वाढवीत जावा. नव्या नोकराशीही आपण असेच वागतो.

या विषयात शाळेचा संबंध फार निकटचा आहे. आई तुरुंगात असली तर तिचे लहान मूल सहा वर्षांचे होईपर्यंत तिच्यापाशी राहू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ठरवून दिले. सहा वर्षे पुरी झाली की ते बाहेर येते. म्हणजे नेमके शाळेच्या वयात. याखेरीज ज्यांचा बाप किंवा भाऊ आत आहे अशी मुले तर कोणत्याही शाळेत असतात. त्यांनी कोणताच अपराध केलेला नसतो, तरी मधल्या सुटीत त्यांच्या डब्याशेजारची जागा कधी कधी रिकामी राहते. ‘बाबा काय करतात?’ या प्रश्नाला ती खाली मान घालतात, नाही तर खोटे बोलावयास शिकतात. शिक्षेची ही झळ कोणत्याही न्यायाधीशाने दिलेली नसते. ती आपण देतो.

अशा वेळी आपल्या नगरीची एक कथा प्रत्येकाने आठवावी. मथुरेच्या बंदिशाळेत, बेड्या घातलेल्या आईबापांच्या पोटी एक मूल जन्मले. ते मोठे झाल्यावर शिक्षणासाठी येथे अवंतीस आले आणि सांदीपनी ऋषींनी त्याला आपल्या आश्रमात घेतले. वसुदेव-देवकी निरपराध होती हे खरे. पण गुरूंनी मुलाचा जन्म कोठे झाला हे पाहिले नाही, त्याची बुद्धी आणि सेवावृत्ती पाहिली. सुदामा त्याच्याशेजारी बसला आणि ती मैत्री आजवर लोकांच्या तोंडी आहे. उज्जैनच्या शाळेत शिकणाऱ्या मुलाने सुदाम्याची ही शेजारी बसण्याची रीत उचलली, तर आश्रमाच्या दर्शनाचे पुण्य त्याला अनायासे मिळेल.

आपल्या हातून काय घडू शकते? विद्यार्थ्यांनी एवढे करावे की, वर्गबंधूच्या घरची अशी गोष्ट कळली तर ती पुढे सांगू नये आणि त्याला खेळात, अभ्यासात, डब्यात सामील करून घ्यावे. वाचून झालेली चांगली पुस्तके तुरुंगातील वाचनालयास देता येतील. त्यासाठी शाळेने अधीक्षकांना पत्र लिहून आवश्यक त्या वस्तूंची विचारपूस करावी. कैद्यांच्या हातच्या वस्तू विकावयास असतील तेव्हा पालकांनी त्या आवर्जून घ्याव्यात. ज्यांचे दुकान, कारखाना, शेती किंवा छापखाना आहे त्यांनी निदान एका माणसाला काम देण्याचा विचार करावा. वकील असतील त्यांनी कच्च्या कैद्यांच्या जामिनाकडे लक्ष द्यावे. कचेरीत असतील त्यांनी हरवलेले कागद पुन्हा मिळवून देण्याचे काम आपले समजावे. उज्जैनमधील मराठी कुटुंबे गणेशोत्सवात आणि हळदीकुंकवास एकत्र येतात. अशा मेळाव्यांत या विषयावर एखादे व्याख्यान ठेवणेही अवघड नाही. आणि ज्याला यांतले काहीच साधत नाही, त्याने सुटून आलेल्या शेजाऱ्याला रस्त्यात भेटल्यावर नावाने हाक मारावी. तुरुंगात माणसाला क्रमांक असतो. नाव त्याला बाहेर आल्यावर आपणच परत द्यावयाचे असते.

वाल्याचा वाल्मीकी झाला ही गोष्ट आपण बालपणापासून ऐकतो. त्यात वाल्याचे तप आपल्या लक्षात राहते, पण नारद विसरला जातो. वाटमाऱ्याला पाहून तो पळाला नाही, त्याच्याशी बोलला, त्याला एक प्रश्न विचारला आणि उत्तर घेऊन येईपर्यंत विश्वासाने थांबला. तप ज्याचे त्यालाच करावे लागते. ते दुसऱ्याला करून देता येत नाही. थांबणारा मात्र दुसरा कोणी असावा लागतो. भैरवगढच्या दारातून आज किंवा उद्या जो मनुष्य बाहेर येईल, त्याच्यासाठी या नगरीत कोणी थांबलेले असावे, एवढीच आमची इच्छा आहे.